पाहुण्याचा चहा

उमेळे गावच्या कार्मिनबाईंना वार्ताहराला बातमी कशी सांगायची ते मी शिकवलं, आणि शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. त्यांच्या केळीच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खारं होत चाललं होतं. पलीकडच्या जमिनीतून टँकरवाले रात्रंदिवस पाणी उपसायचे आणि इकडे बाईंची केळी करपायची. नवरा वारलेला, घर चालायचं ते वाडीवरच. पेपरात आलं तर कोणीतरी दखल घेईल, एवढीच आशा.

पण माणिकपूरच्या पीसीओवरून फोन लावला की बाई सासऱ्यांनी विहीर खणली तिथपासून सुरू करायच्या. जयवंत नावाचा तो वार्ताहर "बघू" म्हणून फोन ठेवायचा.

"अहो, विहिरीचं बारसं नको त्याला!" मी एकदा चिडलेच. "एवढंच सांगा, टँकरवाले उपसतात आणि माझी केळी मरतात. या, पाण्याची चव घेऊन बघा."

बाईंनी तसंच सांगितलं, आणि तो येतो म्हणाला. त्या दिवशी बाई सारख्या विचारत होत्या. आलाच नाही तर? टँकरवाल्यांनी पाहिलं तर? त्यांच्याबरोबर मीही दारात ताटकळत बसले.

तो आला, घाईघाईत वाडी पाहिली, ओट्यावर बसला. बाईंनी चहा पुढे केला. घोट घेऊन तो म्हणाला, "पाणी तर चांगलं गोड आहे की!"

सकाळीच बाई वाडीशेजारच्या आमच्या बिल्डिंगमधून कळशी भरून घेऊन गेल्या होत्या. आणि आम्हाला पाणी यायचं ते त्याच टँकरचं.

"पावन्याला खारा चहा कसा देऊ, ओ?" बाई कशाबशा बोलल्या. जयवंत घड्याळ बघत उठला. तशा त्या विहिरीकडे धावल्या, पोहरा ओढला, पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला.

त्याने घोट घेतला आणि लगेच थुंकला. मग खिशातून पहिल्यांदाच पेन काढलं. बाई तोंड फिरवून रडत होत्या.

रविवारी बातमी आली, फोटोसकट. मी पेपर घेऊन धावतच गेले. बाई नुकत्याच चर्चमधल्या मिस्साहून परतल्या होत्या. पेपरला हातही न लावता म्हणाल्या, "वाचा तुम्ही. पन आधी सांगा, मी पावन्याला खारं पानी पाजलं, ते लिवलंय का?"

पहिल्याच ओळीत होतं.