वाळ्याच्या वासातलं बेट

काल प्रतापनगरच्या घरी कूलरला नवा वाळा भरला. पाणी सोडलं, पहिला ओला झोत अंगावर आला आणि त्या वासासरशी मी पुन्हा दहा वर्षांचा झालो.

तेव्हाही अशीच दुपार होती. आई कूलरसमोर चिंच फोडत होती आणि मी फरशीवर पालथा पडून तिला वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवत होतो. एका बेटावरचा मुलगा भोवऱ्यात सापडून दुसऱ्याच काळात जातो, नाना संकटांतून परततो, पण म्हातारा होऊन. त्याची आई मात्र तशीच तरुण. बेटाची रीत अशी, की होडीतून आलेल्याला विचारायचं, ‘कोणाचा तू?’ किनाऱ्यावरचं कोणी ‘आमचा’ म्हणालं, तरच त्यानं वाळूवर पाय ठेवायचा. आईनं त्याला ओळखलंच नाही. होडी परत फिरली.

मी रडकुंडीला आलो. “आई, मी असा आलो तर तू मले ओळखशील?”

“काहीबाही लिहितेत,” बोटांची चिंच चाटत ती म्हणाली. “पोटच्या पोराले कोणी विसरते काय गा?”

मला ते पटलं. पुढे कितीतरी वर्षं पटत राहिलं.

काल तो वास तिलाही आला असावा. पलंगावर बसल्या बसल्या ती क्षणभर हसली. मग माझ्या पांढऱ्या दाढीकडे बघत तिनं विचारलं, “कोणाचा होय गा तू?”

कूलरसाठी पाण्याची दुसरी बादली घेऊन आलेला मी दारातच थांबलो. ‘आमचा’ म्हणणारं त्या घरात तिच्याशिवाय कोणीच उरलेलं नाही.