शब्दाची चौकशी शेजारी करणारे सर

श्री. दामोदर बागडे सरांची माझी पहिली भेट संत्र्याच्या पेट्यांजवळ झाली. एक्क्याऐंशीचा हंगाम होता. रामाकोन्याजवळच्या एका बगिच्यात आम्ही बाया फळे निवडून पेट्या भरत होतो. पेटीच्या तळाला नागपूरहून आलेली रद्दी घालत. तिच्यात इंग्रजी वर्तमानपत्रे बरीच असत. त्यातला एक तुकडा घेऊन मी भाकरीच्या सुटीत बसले होते. सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे सर घरासाठी संत्री घ्यायला आले होते.

"काय करून राहिल्या बाई?"

"वाचून राहिली सर."

मी एकेका शब्दाखाली बोट ठेवून त्याचा अर्थ सांगितला. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "शब्द तर सारे आले. मंग बातमी काय आहे?"

ते मला सांगता आले नाही. माझी सोबतीण गिरजा म्हणाली, "सर, तिनं अख्खी डिक्शनरी पाठ केली. फक्त इंग्रजी तेवढं येत नाई." सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी घरी या, एवढेच म्हणाले.

मला इंग्रजी कशाला हवे होते, ते सांगितले पाहिजे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे वाचन माझे मी केले. माझे पती बोअरवेल खोदणाऱ्या सरकारी पथकात होते. दूर बस्तरकडे काम चालू असताना ते गेले. तार मिळाली तेव्हा सगळे आटोपले होते. घरात बोलणे सुरू झाले की ते चार दिवस तापात पडून माझी वाट पाहत होते आणि मी पोचले नाही. मला आजारपणाचा निरोपच नव्हता. पण तिकडे काय घडले हे मलाही ठाऊक नव्हते. महिन्याभराने त्यांच्या साहेबांचे पत्र आले. साहेब मद्रासकडचे, म्हणून पत्र इंग्रजीत, दोन पाने भरून. मी ते गावातल्या तिघांना दाखवले. तिघांनीही वरून खाली नजर फिरवून एकच सांगितले, "साहेबाले लय दुःख झालं म्हणते." दोन पानांत एवढेच कसे असेल? मी सौंसरच्या बाजारातून इंग्रजी-हिंदी शब्दकोश आणला आणि पहिल्या पानापासून पाठ करायला बसले.

रविवारी मी पत्र सरांपुढे ठेवले. त्यांनी ते उघडले नाही.

"म्हणाल तर आत्ता वाचून देतो. पाच मिनिटांचं काम. पण मंग ते माझ्या तोंडचं होईन. नाई तर थांबा, तुम्हीच वाचाल. तुमची मर्जी."

मी पत्र पिशवीत परत ठेवले.

सरांनी मला शब्दांची यादी कधी दिली नाही. ते म्हणाले, "पोरीसाठी स्थळ पाहता तेव्हा मुलाची चौकशी त्याच्याच घरी करता काय?"

"नाई. शेजारी करतो."

"शब्दाचीही तशीच करा. आधीच्या वाक्याले विचारा, मंग पुढच्याले. कोश सगळ्यात शेवटी." बगिचेवाल्याला सांगून रद्दीतली अख्खी पाने त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवायला लावली. फाटक्या तुकड्यात शेजारीच नसतात, असे ते म्हणत.

एका बातमीत 'बॅक ऑन हिज फीट' असे आले. कोशाप्रमाणे पाठ, वर, पाय. मी तासभर अडले. सर काही सांगेनात. शेवटी मी शेजाऱ्यांकडे गेले. आधीच्या वाक्यात तो माणूस आठवडाभर दवाखान्यात होता. पुढच्या वाक्यात तो दुकान उघडत होता. "म्हणजे बरा होऊन कामाला लागला?" सरांनी नुसती मान हलवली. आतून सुमनताई, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "अन् चहा तिसऱ्यांदा थंडा झाला, हे कोन्या शेजाऱ्याले विचारता जी?"

दोन वर्षे दर रविवारी मी छोट्या रेल्वेगाडीने सौंसरला, सरांच्या पडवीत शिकायला गेले. सरांनी एक पैसा घेतला नाही, आणि पत्राविषयी एकदाही विचारले नाही. पिशवीत ते असते हे त्यांना ठाऊक होते.

एके दिवशी दुपारी घरी बसून मी ते वाचले. यांना दोन दिवस ताप होता, असे साहेबांनी लिहिले होते. तिसऱ्या दिवशी हे 'बॅक ऑन हिज फीट' होते. इथे मला कुणाला विचारावे लागले नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्या पथकाला चहा करून पाजला. घरी तार करू का, असे साहेबांनी विचारले तर नको म्हणाले, ती उगाच घाबरेल. चौथ्या दिवशी सकाळी मशीनजवळ उभे असताना कोसळले. पाणी आणेपर्यंत संपले होते.

मी ते जाऊबाईंना वाक्यावाक्याने वाचून दाखवले. त्यानंतर चार दिवसांची ती गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. हेच मला सरांनी पहिल्या रविवारी सांगितले असते, तर माझे मन राखायला सांगताहेत असेच मी धरले असते. दुःख आहे तेवढेच आहे. त्यात न घडलेले काही आता राहिले नाही.

सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांचे डोळे, गुडघे आणि पडवीतली बैठक शाबूत राहोत. दुसऱ्या पानाच्या शेवटी साहेबांची एक ओळ मला अजून लागलेली नाही. मी ती सरांना विचारलेली नाही, विचारणारही नाही. ती लागली की वाचून दाखवायला सौंसरला जाईन. मला घाई नाही. सरांनीही करू नये.