चौथीच्या पर्च्यांखाली सुशीचं लुगडं

ज्या साली चौथीच्या परीक्षेला सरकारनं नियम लावले, त्या साली आमच्या घरात कोणीही चौथीत नव्हतं. तरी नापास व्हायची पाळी आली ती आमच्याच घरावर!

त्याआधी परीक्षा हे फार सुखाचं काम होतं. आमचे हे आंजीच्या पुढच्या एका खेड्यात शाळेचे हेडमास्तर. (शाळेत मास्तर दोनच. हेड कोणीतरी व्हावंच लागे.) उन्हं तापायला लागली की शाळा तपासणारे डिप्टी साहेब बैलांच्या रेंगीतून यायचे, दोन पोरांना पावकी-निमकी म्हणायला लावायचे, तिसऱ्याला नकाशात गंगा दाखव म्हणायचे. पोरगं बोट ठेवील ती गंगा. मग साहेब आमच्याकडे वांग्याची भाजी आणि पोळ्या जेवायचे, ओट्यावर घटकाभर घोरायचे आणि जागे झाले की अख्खा वर्ग पास! माझ्या अंदाजानं गावातली निम्मी पोरं माझ्या वांग्यांवर पाचवीत गेली.

मग नागपूरहून नियम आले. सगळीकडे एकच छापील पर्चा, म्हणजे प्रश्नपत्रिका, तोही एकाच दिवशी. चार गावची पोरं मिळून एक केंद्र, आणि ते केंद्र आमची शाळा. ह्यांना आधीच नियमांची आवड. नळ नसलेल्या गावात पाणी कसं वापरावं ह्याचे सुद्धा ह्यांनी घरात नियम केले होते. आता तर सरकारी नियम! जेवताना एक घास आणि एक नियम असं सुरू झालं.

"ऐकलं का? पर्चे दोन कुलपांच्या पेटीत ठेवायचे. एक चाबी हेडमास्तरजवळ, दुसरी परगावच्या मास्तरजवळ."

"भाकर वाढू का?"

"अन् त्या परगावच्या मास्तरनं हेडमास्तरच्या घरचा पाहुणचार घ्यायचा नाही. पाणीसुद्धा नाही!"

"पिठलं?"

"अन् तो हेडमास्तरचा नातेवाईक नसला पाहिजे."

"नशीबवान आहे," मी म्हटलं. ह्यांनी ते नियमातच धरलं आणि मान डोलावली.

दोन कुलपांची पेटी आणायची कुठून? शाळेच्या कपाटाला उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. दार उघडलं की दारच हातात यायचं. तेव्हा मीच म्हटलं, माझी पेटी घ्या. माझ्या बापानं लग्नात दिलेली सागवानी पेटी, तिला दोन कोयंडे होते. (बापाचा जगावर विश्वास नव्हता. जावई पाहिल्यावर त्यानं दुसरा कोयंडा बसवून घेतला, असं माझा भाऊ सांगतो.)

आता ह्या पेटीत काय होतं, ते सांगायला हवं. माझी नणंद सुशी लग्नाची होती. नाचणगावचा एक मुलगा सुचवला गेला होता. आईबाप नाहीत, काकानं वाढवलेला, मास्तर. परीक्षेच्या आदल्या दिवशी काका मुलाला घेऊन पाहणीला येणार होता. दिवस आधीच ठरलेला, आणि काका असा तिखट की दिवस बदला म्हटलं असतं तर त्यानं गावच बदललं असतं. पाहणीसाठी सुशीला नेसवायचं रेशमी लुगडं, तेही घरातलं एकच, ते माझ्या पेटीत होतं. लुगड्यावर आरसा, आरशावर कुंकवाचा करंडा.

पर्चे आले तेव्हा मी नदीवर धुणं धूत होते. चार पोरांचं, एका सासऱ्याचं आणि एका हेडमास्तरचं धुणं. सरकारचा कोणताही कार्यक्रम त्याच्यासाठी थांबत नाही. डोक्यावर पिळे घेऊन घरी आले तर ओट्यावर माझी पेटी, तिला दोन कुलुपं, कुलपांवर लाखेची मोहर आणि शेजारी हे, नुकतंच राज्य जिंकल्यासारखे उभे.

"अहो, पेटीतलं लुगडं?"

"कोणतं लुगडं?"

"सुशीचं!"

"मी तुला सांगितलं होतं, पेटी रिकामी करून ठेव."

"तुम्ही म्हणाला होता, पेटी काढून ठेव. मी काढून ठेवली."

ह्यांनी पेटीकडे पाहिलं.  "आता परीक्षेच्या सकाळपर्यंत ब्रह्मदेव आला तरी उघडायची नाही," ते म्हणाले. "मी आत करंडा-आरसा अन् एक फडकं पाहिलं होतं. मला वाटलं, करंडा शकुनाचा, अन् फडकं पर्चे मळू नयेत म्हणून तू अंथरलं."

फडकं! मी पिळे खाली ठेवले आणि त्या ओल्या पिळ्यांवरच बसले.

तेवढ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, अंगणातून घाईघाईनं आत आले. दुसऱ्या चाबीचा परगावचा मास्तर मारुतीच्या देवळात उतरला होता आणि मामंजी त्याची विचारपूस करून आले होते. विचारपूस हा त्यांचा पेन्शनीतला धंदा.

"सूनबाई, घोटाळा झाला! तो मास्तर नाचणगावचा हाय. आडनाव ढोले. ज्याले आपली सुशी दाखवाची, तो हाच ना व माय!"

म्हणजे ज्याला शिरा खाऊ घालायचा, त्याला नियमानं आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं. ज्याच्यासाठी लुगडं काढायचं, त्याच्याच करगोट्याला पेटीची अर्धी चाबी बांधलेली होती. आणि ज्याला नातेवाईक करून घ्यायचं, तो नातेवाईक निघाला तर परीक्षाच बाद!

मी शिऱ्याची वाटी घेऊन देवळात गेले. ढोले मास्तर तीन दगडांवर स्वतःची खिचडी शिजवत होता आणि धुरानं रडत होता. मला पाहून उभा राहिला, हात जोडले.

"नाई बाई. नियम हाय."

"अहो, शिरा आहे. कोण पाहतंय?"

"मी पाहून राह्यलो ना," तो म्हणाला.

घरी येऊन मी हे सांगितलं तर ह्यांचे डोळे भरून आले. "माणूस असावा तर असा!" एक नियमवाला घरात होताच. आता दुसरा दारात आला होता.

दुसऱ्या दिवशी काका आला. पागोटं, काठी, कपाळावर आठ्या. त्यानं सरळ विचारलं, पोरगी कुठं दाखवता? मुलगा म्हणाला, परीक्षा होईपर्यंत मी ह्या घराचा उंबरठा चढत नाही. काका म्हणाला, मग मी आलो कायले? तेव्हा ह्यांनी आणि ढोले मास्तरनं देवळाच्या पायरीवर बसून, पोरगी पाहणं हे पाहुणचारात मोडतं की नाही ह्यावर चर्चा केली. बराच वेळ केली. शेवटी दोघांचं एकमत झालं: घरात पाहिली तर पाहुणचार, सार्वजनिक रस्त्यावरून जाताना दिसली तर ती नुसती रहदारी!

झालं. सुशीला रोजच्या जुनेरात, डोक्यावर घागर देऊन, देवळासमोरून विहिरीवर पाठवली. काकानं पाहिली. ढोले मास्तरनं मान खाली घातली होती. पुन्हा पाठवली. ह्या वेळी तो कुलपाची चाबी जागेवर आहे का ते चाचपत होता. तिसऱ्यांदा सुशी परत आली ती घागर आपटतच.

"वयनी, घरातले पितळी गुंड, घागरी, बादल्या सगळ्या भरल्या. आता त्याच्या डोक्शावर ओतू का?"

"तुला कसा वाटला?"

"कसा वाटन? मले त्याची टाळू दिसली. टाळू बरी हाय."

परीक्षेची सकाळ उजाडली. चार गावची पोरं शाळेच्या अंगणात टाक आणि दौत घेऊन बसलेली; काहींच्या आया सोबत आलेल्या. डिप्टी साहेब आले, पण जेवणार नव्हते, कारण तेही नियमात होतं. त्यामुळे साहेब आल्यापासूनच चिडलेले. पेटी शाळेत नेली. काका निंबाखाली परतीच्या गाडीची वाट पाहत बसला होता. पेटी उघडताच लुगडं ओढायचं, सुशीला नेसवायचं आणि काकानं एकदा तरी तिला धडपणी पाहून जावं, एवढाच माझा बेत. म्हणून मी आणि सुशी शाळेच्या खिडकीला चिकटून उभ्या.

गावच्या पंचांसमोर लाख फोडली. ह्यांची चाबी फिरली, ढोले मास्तरची फिरली. पर्च्यांचा गठ्ठा वर आला. खाली कुंकवाचा करंडा, आरसा आणि झगझगीत जांभळं लुगडं! साहेब वाकले ते आरशात स्वतःचंच तोंड पाहून दचकले.

"ही पेटी कोणाची?"

"माझी," मी खिडकीतून म्हटलं.

"अन् हे काय?"

"पाहणीचं लुगडं, साहेब."

"कोणाची पाहणी?"

"माझ्या नणंदेची."

"पाहणार कोण?"

इथं कोणतीही शहाणी बाई गप्प बसली असती. पण मी दोन रात्रींची जागी, सकाळपासून पाणी भरून, पोरं धुऊन, भाकरी थापून उभी होते, आणि मला कोणी नीट प्रश्न विचारून कितीतरी वर्षं झाली होती. मी ढोले मास्तरकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "हेच की! आमचे जावईबापू!"

शाळेत शांतता पसरली. अशी शांतता ह्यांना वर्गात कधी मिळाली नव्हती.

साहेब हळूहळू सरळ झाले. "हेडमास्तर, केंद्रावर तुमचा जावई? परीक्षा रद्द! ही पोरं पुढच्या वर्षी बसतील."

अंगणात एका बाईनं मोठ्यानं हंबरडा फोडला. तिचं पोरगं आधीच दोन वर्षं चौथीत होतं.  तेवढ्यात ढोले मास्तर पुढं आला.

"साहेब, मी अजून पोरगी पाह्यली नाई. रस्त्यानं तीनदा गेली म्हनतात. मी मान वर केली नाई. कामावर होतो. पण माह्यामुळं ह्या पोट्ट्याईचं साल जात असन, तर हे लगन नाई झालं तरी चालन."

 शेजारी सुशीनं माझा दंड धरला, तो सोडेचना.

पोरांमागं उभ्या असलेल्या मामंजींना वाटलं, आता घराची लाज आपणच राखली पाहिजे. ते गरजले, "साहेब, नातं-बितं काई नाई! आमाले पोरगाच पसंत नाई!"

निंबाखालून काका काठी घेऊन उठला. "काऊन नाई पसंत? काय कमी हाय त्याच्यात?"

"कमी काई नाई, पण पसंत नाई!"

"असं का? मंग आमालेच पोरगी पसंत नाई! तीन घागरी पानी नेलं, चालनं पाह्यलं का तिचं? म्हशीवानी धपधप!"

"म्हैस कोनाले म्हनता?"

साहेबांचा चेहरा मात्र पहिल्यांदाच उजळला. "म्हणजे दोन्ही पक्षांना नापसंत? पंचांसमोर?"

"हाव!" दोन्ही म्हातारे एकदम ओरडले.

"मग नातं नाही. वाटा पर्चे."

परीक्षा झाली. लग्न मोडलं. काका गाडीत बसून गेला तो आमच्या गावाकडे पाठ करून. उत्तरांचे गठ्ठे घेऊन ढोले मास्तर वर्ध्याला गेला, आणि घरी सुशी चुलीपाशी बसून राहिली. लाकडं पुढं सरकवायचंही तिला भान नव्हतं.

"वयनी, मले हाच पाह्यजे."

"अगं, आता? टाळू पाहून?"

"दुसऱ्याच्या पोट्ट्याईचं साल जाऊ नये म्हनून जो भर शाळेत लगन सोडून देते, तो घरच्याईले काय वाऱ्यावर सोडन?" आणि मग रडायला लागली. मी चुलीतली लाकडं पुढं सरकवली. 

ज्या जिभेनं लग्न मोडलं ती माझी, तर निस्तरायला पायही माझेच. मामंजींना घेऊन मी नाचणगावला गेले. आधी रेंगी, मग वर्ध्याहून पुलगावपर्यंत रेल्वे, पुढं भर उन्हात पायी. मामंजी वाटभर "मी माफी मागनार नाई" म्हणत होते आणि दर झाडाखाली बसत होते. काकाच्या ओसरीवर पोचलो तेव्हा दोघांच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच काकाला आमची दया आली. त्यानं गूळ-पाणी दिलं.

मामंजींनी घसा खाकरला. "ते असं हाय पाटील, पोरगा आमाले..."

"थांबा!" आतून ढोले मास्तरचा आवाज आला. "रिझल्ट लागला नाई अजून. तोवर नात्याची गोष्ट नाई कराची."

 मग काकानं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, गोष्ट काढली, मामंजींनी बैलांची. दुपारभर आम्ही लग्न सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो. निघताना काका मला हळूच म्हणाला, "बाई, चालीचं मनावर घेऊ नका. भरली घागर असली का कोनीबी धपधपच चालते." ह्यापेक्षा स्पष्ट होकार मी आजवर ऐकलेला नाही.

रिझल्ट लागला. दोन वर्षं चौथीत बसलेलं ते पोरगंसुद्धा पास झालं. त्याच आठवड्यात काकाचा निरोप आला आणि वैशाखात आमच्या अंगणात मांडव पडला.

लग्नाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकमतानं मला एकच काम दिलं. मांडवामागं रांजण होते, तिथं सावलीत बसायचं, पाण्यावर लक्ष ठेवायचं आणि वरपक्षाच्या कोणाशीही, कसल्याही कारणानं, एक अक्षर बोलायचं नाही. कोणी काही विचारलंच तर मान हलवायची. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मला कोणी बसायला सांगितलं होतं ते तेव्हाच पहिल्यांदा. मी बसले. वारा बरा होता. रांजणाला पाठ टेकली, थंडगार लागली.

जागी झाले तेव्हा वरात केव्हाच गेली होती, मांडवात कुत्री पत्रावळी चाटत होती आणि पोरं माझ्या अंगावर उरलेल्या अक्षता टाकून, मी कधी उठते ते पाहत होती.