चौथं नाव

टेक्लामावशीच्या घरात एकच खुर्ची होती. जर्मन लोक घर सोडून गेले तेव्हा सहा होत्या. पाच तिनं एकेका हिवाळ्यात चुलीत घातल्या. "बसणार कोण आहे?" म्हणायची. मी शेजारून तिच्याकडे गेले की ती खुर्ची मला द्यायची आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकायची.

आमच्या ओल्शांकात सगळी घरं तिकडून आलेल्यांची, पूर्वेकडच्या वोल्हिनियातल्या पोलिश गावांमधली. युद्ध संपल्यावर सरहद्द सरकली आणि आम्हाला मालगाडीत घालून इकडे पश्चिमेला, जर्मनांच्या रिकाम्या घरांत आणून सोडलं. त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात युक्रेनी राष्ट्रवाद्यांच्या टोळ्यांनी गावंच्या गावं कापून काढली. त्यातून उरलेसुरले ते आम्ही. सरकारला त्याची वाच्यता खपत नसे. त्यामुळे ते वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, चर्चमध्ये निघायचं आणि तेही नुसत्या नावांनी. प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांची नावं कार्डावर लिहून देई. फादर वाचत, आणि प्रत्येक कार्डानंतर सगळं चर्च म्हणे, "प्रभो, त्यांना चिरशांती दे." उत्तर आलं नाही तर मेलेला दारातच उभा राहतो, असं माझ्या सासूबाई सांगत.

टेक्लामावशीच्या कार्डावर अठ्ठावीस वर्षं तीनच नावं होती. वडील विन्सेन्ती, भाऊ फेलिक्स, भाऊ ब्रोनिस्वाव. आईचं नव्हतं, आणि का नाही ते गावाला माहीत होतं. आई युक्रेनी होती. तिकडे रीतच होती तशी. मिश्र घरातले मुलगे बापाच्या चर्चमध्ये जायचे, मुली आईच्या. म्हणजे टेक्लामावशीचा बाप्तिस्माही युक्रेनी चर्चमधलाच. हिवाळ्यात बायका एकेकीच्या घरी जमून हंसांची पिसं सोलतात, लेकीच्या रजईसाठी. कुणी जोरात हसलं की टेबलावरची पिसं उडतात आणि मग सगळ्याच हसतात. मावशीला त्याचं बोलावणं कधी गेलं नाही. ती आपल्या हंसांची पिसं घरी एकटी सोलायची. तिच्या घरात ती उडत नसत.

त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात तिनं मला कुंपणावरून हाक मारली. "लुत्स्या, तुझं अक्षर चांगलं आहे. कार्ड लिहून देशील?"

"दरवर्षी तूच लिहितेस की."

"लिहिते कसली! पहिल्या वर्षी एका बाईनं तीन नावं लिहून दिली होती, ती समोर ठेवून गिरवते. मला तुमची पोलिश अक्षरं धड येत नाहीत. चौथं गिरवायला नाहीये माझ्याकडे."

मी आत गेले. खुर्चीवर बसले.

"पोटात गाठ आहे," ती म्हणाली, जसं चुलीवर दूध आहे म्हणावं. "डॉक्टर म्हणतो, इस्टरपर्यंत ढकलेन. तेवढ्यात आईचं नाव एकदा वाचलं जायला हवं. परास्का. लिही."

माझा हात थबकला. तिनं ते पाहिलं.

"मी अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. "भर दुपारी टोळीवाले आले. सगळ्यांना अंगणात उभं केलं. मला म्हणाले, क्रूस काढून दाखव. मी आईनं शिकवला तसा काढला, आधी उजवा खांदा, मग डावा. 'ही आपली,' म्हणाले आणि मला कुंपणाकडे ढकललं. त्यांच्यातला एक आईच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, 'परास्का, तूही आपलीच. बाजूला हो.' आई म्हणाली, 'मी वाढलंय. त्यांचं जेवण व्हायचंय.' आणि बाबांच्या शेजारून हलली नाही."

"एवढंच?"

"एवढंच. बीटाचं सार होतं."

मग मी विचारलं, "मावशी, हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की पुढचा प्रश्न येतो ना, आणि तू गं? तू कशी बाजूला झालीस?"

मी चारही नावं लिहिली. ठळक, सुवाच्य.

संध्याकाळी बटाटे सोलताना मी सासूबाईंना सांगून टाकलं. चर्चमध्ये अचानक ऐकलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"अक्षर चांगलं आहे म्हणून कुणाचीही नावं लिहीत सुटशील?"

"आई, परास्का बाजूला झाली असती तर जगली असती."

"कोण म्हणतं?"

"टेक्लामावशी."

"म्हणजे साक्षीदार तीच आणि वकीलही तीच." त्यांचे हात थांबले होते. "माझी दोन लेकरं त्या यादीत आहेत, लुत्स्या. एक चार वर्षांचं. त्यांच्याशेजारी ते नाव ऐकायचं मी?" मी पुढचा बटाटा उचलला. मग त्याच म्हणाल्या, "सालं पातळ काढ. निम्मा बटाटा टाकतेयस."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मिस्साची उपासना झाल्यावर फादर कार्डं वाचू लागले. आमचं कार्ड झालं, सगळ्यांनी उत्तर दिलं. पुढे आणखी चार घरं झाली. मग, "विन्सेन्ती, फेलिक्स, ब्रोनिस्वाव." फादरांनी किंचित थांबून कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "परास्का."

चर्च गप्प.

मला वाटलं होतं, चारदोन जण तरी म्हणतील. निदान मी तरी म्हणेन. सासूबाईंचा दंड माझ्या दंडाला लागला होता, दगडासारखा. मी तोंड उघडलं. आवाज काढला नाही.

मागच्या बाकावरून टेक्लामावशी एकटी म्हणाली, "प्रभो, त्यांना चिरशांती दे." अगदी रोजच्या आवाजात. मी वळून पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ती आमच्यासारखा, डाव्या खांद्याकडून क्रूस काढत आली होती. त्या दिवशी तिनं उजवीकडून काढला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. फादरांनी पुढचं कार्ड घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पाव घेऊन तिच्याकडे गेले. दारातच म्हणाले, "मावशी, मी काल..."

"फादरांनी नाव नीट उच्चारलं," ती म्हणाली. "तुझं अक्षर म्हणून. बस."

पाव तिनं कापला, पण खाल्ला नाही. निघताना म्हणाली, "पुढच्या वर्षी माझं नाव खाली घाल. पाचवं. फक्त एक आहे, उत्तर द्यायला तेव्हा मी नसेन."

इस्टरला तीन आठवडे असताना ती गेली. घर पंचायतीनं दुसऱ्या कुणाला दिलं. खुर्ची मी उचलून आणली, स्वयंपाकघरात ठेवली. सासूबाईंनी विचारलं नाही कुठली. त्या तिच्यावर बसतही नसत.

नोव्हेंबरात फादरांनी पाच नावं वाचली. "टेक्ला" झालं आणि पुन्हा तीच शांतता पडली. मी मोठ्यानं म्हटलं, "प्रभो, त्यांना चिरशांती दे." सुरुवातीला आवाज फाटला, मग नीट झाला. समोरच्या दोघीतिघींनी मान वळवून पाहिलं. बरोबर कुणी म्हटलं नाही, शेवटपर्यंत.

घरी जाताना सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाकीच्या बायका भराभर पुढे निघून गेल्या. सासूबाईंना त्या हाका मारत होत्या, "अपोलोनिया, चल की!" सासूबाई गेल्या नाहीत. चिखलातून, माझ्या शेजारून चालत राहिल्या.