काका ओरडले नाहीत तेव्हा

सांगलीला बी.ए. करत असताना इंग्रजीच्या मॅडमनी वर्गात विचारलं, "आर्ग्युमेंट आणि क्वॉरल, फरक काय?" मी फटकन सांगून मोकळी, "आवाजाचा! हळू असेल तर आर्ग्युमेंट, आरडाओरडा झाला की क्वॉरल." मॅडम म्हणाल्या, "जरा विचार कर." राग आला मला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

विचाराला आमच्याच घरी मसाला भरपूर. कोरेगावजवळ वडलांची आणि काकांची विहीर सामाईक. काका फौजेतून रिटायर झालेले, त्यांचा साधा रामरामसुद्धा पलीकडच्या वावरात ऐकू जायचा. वडील थोरले, तेही आवाजात कमी नाहीत. पाण्याच्या पाळीवरनं दोघं असे जुंपायचे की नवख्याला वाटावं, आता डोकी फुटणार. आणि लगेच फुर्रफुर्र चहा पीत उसाच्या बेण्याच्या गप्पा! हे क्वॉरल म्हणावं तर चहा कसा काय गोड लागतो, बाई?

मग मी सुट्टीत घरी असताना वडलांनी विहिरीवरच्या मोटरीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला आणि त्यात नंबर घातला फक्त स्वतःचा. म्हणजे मोटर चालू-बंद करणं आता त्यांच्या एकट्याच्याच हातात. काका आले, त्या डबीकडे बघत राहिले. मी कानावर हात ठेवायच्या तयारीत. काका एवढंच म्हणाले, "ब्येस केलंस, दादा." चहाचा भरला कप तसाच ठेवून निघून गेले.

त्यानंतर ते फिरकलेच नाहीत. वडलांना घास गोड लागेना. "शिव्या तरी द्यायच्या व्हत्या त्यानं," म्हणायचे. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. आर्ग्युमेंटमध्ये समोरच्याला पटवायचं असतं, म्हणून तर माणूस घसा कोरडा करतो. क्वॉरलमध्ये पटवायची इच्छाच मेलेली असते. मला धास्तीच बसली. हे दोघं भाऊ असेच गुपचूप परके होणार की काय!

शेवटी वडलांनी मेकॅनिकला बोलावून काकांचाही नंबर घालून घेतला. काकांना सांगायला मात्र गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बांधावरनं गर्जना आली, "आरं दादा! कुणाला इचारून माझा नंबर घातलास? सकाळधरनं फोन बोंबलतोय, मोटर चालू, मोटर बंद! जेवू देतोस का न्हाई?"

"मग बंद ठिव की फोन!" वडील तितक्याच जोरात ओरडले आणि टॉवेलानं डोळे पुसत आईकडे वळले.

"आगं, चहा ठिव लवकर. लय चिडलाय गडी."