लाल पेन्सिलीतली ड्रॉइंग

गुरुवार, १३ नोव्हेंबर. एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी, मशिनं बंद. म्हणून भोसरीच्या आमच्या शेडमधली जुनी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी त्या दिवशी काढलं.

घाई धाकट्या दिरांमुळे होती. वर्कशॉप आम्ही दोघं चालवतो. हिशेब आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, ड्रॉइंग आणि मशिनं त्यांच्याकडे. साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब केला. भिंग लावूनही तीनचा आठ दिसायला लागला. चाकणच्या एका कंपनीचे जुने साचे आम्हीच बनवलेले. त्यांचे सुटे भाग कापताना चूक झाली आणि माल परत आला. तेव्हा ते म्हणाले, मी घरी बसतो, तुम्ही दुसरा माणूस बघा. मी बघितलाही. तो शुक्रवारी येणार होता.

पण पन्नाशीचा माणूस घरी बसून काय करणार? मोबाइलवरचे मेसेज ते दोन बोटांनी ताणून व्यवस्थित वाचायचे. आकडा मोठा झाला की दिसतो, एवढं मला पुरेसं होतं.

कागद दाराएवढे. पिंपरीत एका झेरॉक्सच्या दुकानात एवढं मोठं स्कॅनिंग होतं, पण दर कागदामागे पैसे. सगळा गठ्ठा परवडला नसता, म्हणून त्या कंपनीचे तेवढे आधीच्या आठवड्यात नेले होते. नेताना चांगले बघून नेले: नळीत गुंडाळून ठेवलेले मूळ ट्रेसिंग, म्हणजे पहिल्यांदा काढलेल्या ड्रॉइंगचे पारदर्शक कागद, ना डाग, ना घडी. गुरुवारी लॅपटॉप उघडला आणि दिरांसमोर ठेवला. त्यांनी चित्र मोठं केलं, नाक पडद्याला लावलं, आणि मान हलवली.

"वहिनी, हा लग्नाचा अल्बम आहे. संसार यात नाही."

मग समजावून सांगितलं. साचा बनवताना, बसवताना, कंपनीच्या माणसानं मागाहून काही बदल सांगितला की तो कोणीच ट्रेसिंगवर करत नसे. मशीनजवळ टांगलेल्या प्रतीवर लाल पेन्सिलीनं जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा. सगळ्या शेडमध्ये हीच पद्धत. खरी मापं त्या तेलकट, फाटक्या कागदांवर होती. ते कागद दुकानदार मशीनमध्ये घालणार नव्हता, आणि घातले असते तरी त्याच्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनिंगमध्ये लाल कुठलं कळणार?

मला राग आला, स्वतःचाही आणि त्यांचाही. आधी बोलायला काय झालं होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही विचारलंच नाही; आणि मी तर घरी बसायला निघालेलो.

मी फोन काढला. ते म्हणाले, फोटोत कडा वाकड्या येतात, माप चुकेल. मी म्हटलं, कामगारांना रोज तुम्हीच सांगता ना, ड्रॉइंगवर पट्टी लावून मोजायचं नाही, लिहिलेला आकडा वाचायचा? मग कड वाकडी आली तर आली. यावर ते हसले.

वीज गेलेली होती, ते बरंच झालं. ट्यूबची चकाकी नाही. शटर पूर्ण वर केलं. सावलीतल्या भिंतीला प्लायवूड टेकवला, कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीनं ताणून लावला. फोन स्टूलवर, कागदाच्या बरोबर मधोमध, समोर. एक फोटो पूर्ण कागदाचा, मग तुकड्या-तुकड्यानं जवळून, दर तुकड्यात शेजारचा थोडा भाग घेऊन. व्हॉट्सॲपवर पाठवले असते तर फोटो बारीक झाले असते, म्हणून वायर लावून लॅपटॉपवर घेतले. खर्च चिकटपट्टीचा.

परत आलेल्या भागाचं ड्रॉइंग पहिलं उघडलं. दिरांनी लाल आकडा पडदाभर मोठा केला आणि वाचला. मी भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघितला. बरोबर. पुढचा बरोबर. मग ते माझ्यासाठी थांबेनात, घडाघडा वाचत सुटले. एका ठिकाणी अडकले. तिथे पेन्सिल पुसट होती, मलाही वाचता आली नाही.

"उद्या तो माणूस येणार आहे ना?" त्यांनी लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं.

"येणार आहे."

"त्याला कशाला हेलपाटा."

डोळ्यांचे डॉक्टर पुढचं काही खात्रीनं सांगत नाहीत. ते मला माहीत आहे, दिरांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, घरातला टीव्ही टेम्पोत घातला आणि शेडमध्ये दीर उभे राहतात तिथे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, लॅपटॉपला जोडून, लावून घेतला.