चौथी गाठ

मलकापूरच्या नाथाजी मिस्त्रीला कुणी घाई केलेली खपायची नाही आणि मला कुणी थांबायला सांगितलेलं. त्यामुळे आमचं भांडण ठरलेलं असायचं. कुंडलच्या माझ्या रानात हरळी माजली होती, ती बैलांच्या नांगराला दाद देईना. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर लिलावात निघालेला साखळीचा एक जुना ट्रॅक्टर मी हौसेनं घेतला. गाव त्याला रणगाडा म्हणायचं. एक उन्हाळा कसाबसा चालला आणि इंजीन बसलं. त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात ट्रकवर घालून मी तो नाथाजीच्या दारात आणून टाकला.

नाथाजी लढाईत लष्कराच्या वर्कशॉपला होता. अक्षरओळख नाही, पण बोटं भारी शहाणी. दुसऱ्यानं आवळलेल्या नटाला नुसता पाना टेकवायचा आणि म्हणायचा, "पाव फेरा ऱ्हायलाय." खरंच तेवढाच राहिलेला असायचा. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि तो त्याला शोभायचा.

लिहिता येत नसल्यामुळं उसकटलेल्या इंजिनाचा कुठला भाग कुठला, हे सांभाळायचं काम त्याच्या बायकोचं, मुक्ताबाईचं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत ती एकेका सिलिंडरचं सामान बांधायची आणि चिंधीच्या शेपटाला गाठी मारायची. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा चारापर्यंत. पिस्टनच्या दांड्यांना खालून बसणाऱ्या टोप्या ज्याच्या त्यालाच लागतात. अदलाबदल झाली की इंजीन फिरत नाही. माझ्या रणगाड्यात तर आधीच्या मिस्त्र्यांनी छिन्नीनं इतक्या खुणा ठोकल्या होत्या, की त्यातली खरी कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पिस्टनच्या दांड्या ज्याला फिरवतात तो क्रँक घासायला पुण्याला जायचा होता आणि ट्रक दारात उभा होता. मी बाजेवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. मुक्ताबाई भिंतीला टेकून बांधत होत्या. तिसऱ्या गाठोड्यानंतर त्या जरा थांबल्या.

"मुक्ते, हात चालीव की," नाथाजी म्हणाला.

"वहिनी, चिंध्यांचं दुकान आटपा आता," मीही म्हणालो.

त्या हसल्या आणि त्यांनी चौथं बांधलं.

पाचव्या दिवशी त्या चुलीपुढं कोसळल्या आणि मुदतीच्या तापानं आणखी पाच दिवसांत गेल्या. कराडच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, ताप किती दिवसांचा? नाथाजीनं सांगितलं, कालचा. पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा. "आदल्या दिसापतोर कायबी न्हवतं वो." लोक मान हलवायचे. त्या एका वाक्यावर तो माणूस उभा होता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

क्रँक चैत्रात आला. नाथाजी एकेक गाठ नखानं, दातानं सोडवू लागला. "कात्री घे की गड्या," मी म्हणालो. त्यानं असं बघितलं, की पुढं केलेली कात्री मी मागं घेतली.

दोन गाठोडी झाली. उरलेल्या दोन्हींना तीन-तीनच गाठी निघाल्या.

"वहिनी चुकल्या," मी म्हणालो.

"ती चुकायची न्हाई!" तो अंगावरच आला. "बारा वर्सांत एक बी चूक न्हाई तिची."

"मग लावून बघ. क्रँक फिरला नाही तर दुसरी."

"त्यानं इंजनाचं कळंल, आण्णा. तिचं कसं कळायचं?"

तो दोन्ही शेपटं बोटांत घेऊन चाचपत बसला. एकीच्या गाठी दगडासारख्या घट्ट. दुसरीची पहिली जरा सैल, दुसरी आणखी सैल, आणि तिसरी नख लागताच सुटली. त्याच्याही पुढं चिंधीला एक वळलेली सुरकुती होती. गाठ मारलेली, पण ओढलेली नव्हती. चार महिन्यांत आपोआप उलगडली होती.

"हिच्या हातात बळच न्हवतं," तो म्हणाला. "तवाच ताप हुता, आण्णा. आन मी म्हणलो, हात चालीव."

मीही म्हणालो होतो. ते कबूल करायचं धाडस मला झालं नाही. आजही त्याची लाज वाटते.

तो ढसाढसा रडला. मग तोंड पुसून त्यानं त्या सैल गाठींच्या गाठोड्यातली टोपी चौथ्या सिलिंडरला चढवली. क्रँक अडखळला नाही. तिसऱ्या दिवशी रणगाडा धूर ओकत उभा राहिला. गल्ली जमली, कुणीतरी नारळ फोडला. नाथाजी आत जाऊन बसला होता.

पुढं वर्षानुवर्षं त्यानं इंजिनं बांधली. पण नट आवळला की जवळच्या माणसाला पाना द्यायचा आणि म्हणायचा, "बग रं जरा, आवळलाय का." आणि घरात बाई दिसत नाही म्हणून कुणा नवख्यानं विचारलंच, तर खाली बघून सांगायचा, "लय दिस आजारी हुती. माज्याशेजारीच बसली हुती. मी बगितलंच न्हाई."